जँगो आणि मोंगोडीबी: एका जोडणीची कुळकथा

छत्रपती संभाजीनगर परिसरातल्या पर्यटनस्थळांची वेबसाइट करायची आहे, असं समजा. वेरूळच्या नोंदीत ३४ लेणी आणि त्यांचे बौद्ध, हिंदू, जैन असे गट येतील. पाणचक्कीच्या नोंदीत खापरी नळांतून आणलेलं पाणी येईल, दौलताबादच्या नोंदीत खंदक आणि तोफा. सगळी स्थळं एकाच टेबलात बसवली तर कितीतरी रकाने रिकामे राहतात. मोंगोडीबी या डेटाबेसमध्ये प्रत्येक स्थळाचं स्वतंत्र डॉक्युमेंट होतं आणि ज्याला जे लागेल तेवढंच त्यात राहतं. मात्र साइट जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये बांधायची म्हटलं की अडचण उभी राहते, कारण जँगो टेबलं गृहीत धरतं. तिचं मूळ जँगोच्या जन्मातच आहे.

१९७० मध्ये आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल मांडलं: माहिती टेबलांत ठेवायची, एक गोष्ट एकदाच लिहायची, गरजेनुसार टेबलं जोडायची. या मॉडेलसाठी डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये जी भाषा मांडली, तीच पुढे एसक्यूएल झाली. २००३ मध्ये कॅन्ससमधल्या लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड या वृत्तपत्रात एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी जँगो घडवायला घेतलं. जुलै २००५ मध्ये ते सर्वांना खुलं झालं. त्याचा ओआरएम म्हणजे पायथन आणि एसक्यूएल यांच्यातला दुभाषी.

एप्रिल २००८ मध्ये गूगलचं अ‍ॅप इंजिन आलं. तिथे जँगो मिळायचं, पण मागे होता बिगटेबलवर उभारलेला डेटास्टोअर. त्यात टेबलं जोडणारे जॉइन नव्हते. त्यामुळे जँगोची मॉडेल्स चालेनात आणि त्यांच्यावर उभं असलेलं, माहिती भरण्या-बदलण्याचं तयार पान म्हणजे अ‍ॅडमिनही चालेना. २००९ मध्ये मोंगोडीबी खुलं झालं, तेव्हा हाच प्रश्न तिथेही आला.

वाल्डेमार कोर्नवाल्ड आणि थॉमस वान्शिक यांनी २०१० मध्ये जँगो-नॉनरेल काढलं. ते जँगोचं वेगळं फोर्क, म्हणजे स्वतंत्र फाटा, होतं, त्यामुळे मूळ जँगोच्या प्रत्येक आवृत्तीमागे धावणं नशिबी आलं. मोंगोइंजिन या लायब्ररीने ओआरएमच बाजूला ठेवला. मग जँगोचं तयार अ‍ॅडमिन हातचं गेलं. पुढे जोंगो या दुसऱ्या लायब्ररीने एसक्यूएलचंच मोंगोच्या क्वेरीत रूपांतर केलं.

भाषांतराने प्रश्न पुरता सुटला नाही, कारण जँगो फक्त एसक्यूएल बोलत नव्हतं. युजर, ग्रुप आणि परवानग्या जोडणारी मधली टेबलं आणि ‘सगळं होईल किंवा काहीच होणार नाही’ अशी ट्रान्झॅक्शनची हमी त्याने गृहीत धरली होती. मागच्या डेटाबेसकडे ते नसेल तर दुभाषी कितीही हुशार असून उपयोग नव्हता.

डिसेंबर २०१५ मध्ये दोन्हीकडून पाऊल पडलं. जँगो १.९ ने पोस्टग्रेस या रिलेशनल डेटाबेससाठी जेसनफील्ड, म्हणजे बदलत्या घडणीची माहिती ठेवणारा रकाना, दिला; मोंगोडीबी ३.२ ने लुकअप, म्हणजे जॉइनसारखी जोड, आणली. २०१८ मध्ये मोंगोडीबी ४.० मध्ये अनेक डॉक्युमेंटांवरची ट्रान्झॅक्शन्स आली. २०२० मध्ये जँगो ३.१ ने जेसनफील्ड आपल्या सगळ्या अधिकृत डेटाबेसांसाठी खुलं केलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर मोंगोडीबी कंपनीनेच जँगोला मोंगोडीबीशी जोडणारा स्वतःचा बॅकएंड चाचणीसाठी आणला.

म्हणून निवड करताना फॅशन पाहू नये. बुकिंग, पैसे, परवानग्या अशी घट्ट नाती असतील तर पोस्टग्रेस घ्यावं आणि बदलत्या तपशिलांपुरतं जेसनफील्ड वापरावं. प्रत्येक नोंद वेगळ्या घडणीची आणि एकसंध वाचली जाणारी असेल, तर मोंगोडीबी घ्यावं. जँगो आता दोन्ही वाटांनी जातं. कोणती वाट धरायची हे आपल्या माहितीच्या घडणीने ठरवावं.