हिंदू राष्ट्र दल : एक पेपर, मूठभर माणसं आणि दहा दिवस

गांधीहत्येचा विषय निघाला की आपण एका माणसाबद्दल बोलतो. त्या माणसाची एक संघटना होती, हे मात्र बऱ्याच जणांना माहीत नसतं. आजचा भाग त्या संघटनेवर : हिंदू राष्ट्र दल.

आधी थोडं मागं जाऊ. 1931 साली आपल्या अकोल्यात हिंदू महासभेचं अधिवेशन झालं. तेव्हा ती बरीचशी वकील-पुढाऱ्यांची, ठराव करणारी संस्था होती. 1937 मध्ये सावरकर अध्यक्ष झाले आणि तिची भाषा जास्त आक्रमक झाली. काही तरुणांना तेवढंही पुरेना. 1942 मध्ये नथुराम गोडसे आणि नारायण आपटे यांनी हे दल उभं केलं. आपटे मास्तर होता, नगरला त्यानं रायफल क्लब काढला होता. नगरलाच विष्णू करकरे लॉज चालवायचा. बडगे पुण्यात शस्त्रं विकायचा. बस, गाभा एवढाच.

मग एवढ्याशा टोळीचं वजन काहून वाढलं? माझं मत : पेपरमुळे. 1944 मध्ये 'अग्रणी' सुरू झाला, भांडवलात सावरकरांनी दिलेले 15 हजार रुपये होते. संपादक नथुराम. सरकारनं कारवाई केली, तर तोच पेपर 'हिंदू राष्ट्र' नावानं निघाला. आज एक अकाउंट बंद झालं की दुसरं उघडतात ना, तसंच. त्यात फाळणी झाली, निर्वासितांचे लोंढे आले, आणि रोज छापल्या जाणाऱ्या रागाला वाचक मिळत गेले. मदनलाल पाहवा असाच एक निर्वासित, नगरजवळच्या छावणीतून करकरेकडे आलेला.

20 जानेवारी 1948 ला दिल्लीत मदनलालनं बॉम्ब उडवला आणि तो जागेवरच पकडला गेला. मी पेशानं सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे पुढची गोष्ट वाचताना माझं डोकंच फिरलं. चौकशीत त्यानं एका साथीदाराची ओळख सांगितली : 'अग्रणी'वाला, 'हिंदू राष्ट्र'वाला संपादक. मुंबई सरकारच्या वृत्तपत्रांच्या यादीत संपादकाचं नाव छापलेलं होतं. म्हणजे साधं सर्च करायचं काम! इकडे मुंबईत प्रा. जगदीशचंद्र जैन यांनी 21 तारखेलाच गृहमंत्री मोरारजी देसाईंना कटाबद्दल सांगितलं होतं. माहिती दिल्लीत होती, मुंबईत होती, पण ती एकत्र कोणी केलीच नाही. 30 जानेवारीला नथुरामनं गांधीजींवर गोळ्या झाडल्या.

त्याच दिवशी दलही संपल्यात जमा झालं. गाभ्यातली सगळी माणसं पकडली गेली, बडगे माफीचा साक्षीदार झाला, पेपर बंद पडला. 15 नोव्हेंबर 1949 ला अंबाल्याच्या तुरुंगात नथुराम आणि आपटेला फाशी झाली. पण किंमत भलत्यांनी मोजली. पुणे, सातारा, कोल्हापूर, नागपूर भागात ब्राह्मणांची घरं जाळली गेली. त्यातल्या बहुतेकांनी दलाचं नावही ऐकलं नसेल.

आता सावरकर. कोर्टानं त्यांना पुराव्याअभावी निर्दोष सोडलं, हे खरं. ते वारल्यानंतर, 1969 मध्ये कपूर आयोगानं मात्र लिहिलं, की सगळ्या गोष्टी एकत्र पाहिल्या तर कट सावरकर आणि त्यांच्या गटाचाच होता, याशिवाय दुसरा निष्कर्ष टिकत नाही. दोन्ही नोंदी सरकारी आहेत. एकच सांगून दुसरी लपवणाऱ्याचे व्हिडिओ फॉरवर्ड करू नका भाऊ.

हा आयोग नेमावा काहून लागला, तेही ऐका. ऑक्टोबर 1964 मध्ये गोपाळ गोडसे आणि करकरे सुटून आले. नोव्हेंबरात पुण्यात त्यांच्यासाठी पूजा आणि सत्काराचा कार्यक्रम झाला. टिळकांचे नातू ग. वि. केतकर तिथे बोलून गेले, की नथुरामच्या मनात काय आहे हे आपल्याला आधीच माहीत होतं. पेपरात आलं, संसदेत गदारोळ झाला, आयोग बसला. 101 साक्षीदार तपासले, एक बैठक आपल्या नागपुरातही झाली. दल तोवर 16 वर्षांपूर्वीच संपलेलं होतं, आणि हार घालायला लोक मात्र जमले होते.