धावडशीची कुऱ्हाड

साताऱ्याजवळच्या धावडशीत भार्गवरामाचं, म्हणजे परशुरामाचं देऊळ आहे. १७२७ साली जंजिऱ्याच्या सिद्दी सातानं चिपळूणजवळचं परशुरामाचं देवस्थान उद्ध्वस्त केलं. त्यानंतर तिथले ब्रह्मेंद्रस्वामी घाट चढून या गावी आले आणि १७४५ मध्ये इथंच समाधिस्थ झाले. हा इतिहास ठाऊक होताच. मला वेड लावलं ते गावाच्या नावानं.

महाबळेश्वरच्या डोंगरात जांभ्या दगडातून लोखंड गाळणारे ते धावड. धाऊ म्हणजे लोखंडाचा तांबडा दगड, आणि धाऊचं मूळ संस्कृत ‘धातु’. मग धावडशी हे धावडांचं गाव, असं माझं ठाम मत आहे. परशू धरणारा देव लोखंड गाळणाऱ्यांच्या गावात येऊन राहिला!

यावर कोणी म्हणेल, नाव धावड्याच्या झाडावरून पडलं. वडगाव, बोरगाव ही नावं झाडांवरूनच पडली ना? पण वडाची सावली असते, बोरीला फळं असतात. धावडा डोंगरउतारावर जागोजागी उगवतो, त्याचं कौतुक कोण करणार? धावड आणि धावडा यांच्या शेजाराचं कारण मला भट्टीत दिसतं. लोखंड गाळायला कोळशाची रास लागते आणि धावड्यासारखं जड लाकूड कोळशाला उत्तम. शिवाय कुऱ्हाडीचा दांडाही त्याचाच करतात. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ म्हणतात, ते या झाडाला अक्षरशः लागू आहे. पुढे विलायती लोखंड स्वस्त झालं, कोळसा महागला आणि १९व्या शतकात भट्ट्या विझल्या.

दगडी कुऱ्हाडी आणि जोर्वे गावी सापडलेल्या तांब्याच्या सपाट कुऱ्हाडी लोखंडी कुऱ्हाडीच्या कितीतरी आधीच्या. ‘कुऱ्हाड’ हा शब्द मात्र संस्कृत ‘कुठार’, प्राकृत ‘कुहाड’ असा आला. सांगली जिल्ह्यात जतकडचा कानडी शेतकरी तिला ‘कोडली’ म्हणतो. ‘कुठार’च मुळात द्राविडी, असं काही अभ्यासक मानतात आणि जतची कोडली ऐकली की मलाही ते पटतं.

मारामारीच्या बातम्यांतली ‘फरशी कुऱ्हाड’ निराळी. पातं फरशीसारखं रुंद म्हणून हे नाव, अशी समजूत आहे. पण जमिनीची फरशी अरबी ‘फर्श’वरून आली. हत्याराची फरशी म्हणजे परशूच. पालीत त्याचा ‘फरसु’ झालेला आहे आणि हिंदीत ‘फरसा’. भार्गवरामाच्या हातातलं नाव असं अजून गावोगाव चालू आहे.

आजही कुऱ्हाडीच्या तुंब्याच्या भोकात दांडा सैल झाला की पाचर ठोकतात. तेवढ्यानं भागलं नाही, तर कुऱ्हाड रात्रभर पाण्यात ठेवतात. सकाळी लाकूड फुगून लोखंडात घट्ट बसलेलं असतं.