तिसऱ्या बाकावरची मुलगी

परवा गडचिरोलीहून भाचीचा फोन आला. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, विषय बायोटेक्नॉलॉजी. "मामाजी, पुढं का करू जी? एम.एस्सी. करू का पोलीस भरतीचा फॉर्म भरू?" मी नेहमीसारखं लांबलचक उत्तर द्यायला सुरुवात केली आणि मधेच थांबलो. वीस वर्षांपूर्वी चंद्रपूरच्या पोरांनी मला हेच विचारलं होतं, आणि तेव्हा दिलेलं उत्तर आता माझं मलाच पटत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

थोडं मागे जाऊ. १९८२ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय जैवतंत्रज्ञान मंडळ नेमलं. गंमत म्हणजे त्याच वर्षी २६ ऑगस्टला चंद्रपूर जिल्हा तोडून गडचिरोली जिल्हा झाला. दोघांची जन्मसाल एकच, पण एकमेकांशी ओळख व्हायला पुढे वीस वर्षं लागली. १९८६ मध्ये मंडळाचा स्वतंत्र विभाग झाला. त्याच सुमारास देशातल्या मोजक्या विद्यापीठांत बायोटेकचं एम.एस्सी. सुरू झालं, त्यात आपलं पुणे होतं. सिरोंचाच्या पोराला मात्र साध्या मार्कशीटच्या कामासाठीही तीनशे किलोमीटरहून लांब नागपूर गाठावं लागे. त्याला पुण्याची प्रवेशपरीक्षा कोण सांगणार?

मग आलं २०००. जूनमध्ये मानवी जनुकांच्या नकाशाचा कच्चा आराखडा जाहीर झाला. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि 'बीटी' हा शब्द विदर्भाच्या पानठेल्यांवर पोचला. पुढचं शतक जीवशास्त्राचं, असं जो तो म्हणू लागला. विनाअनुदानित तुकड्या निघाल्या. अशाच एका तुकडीला मी तासिका तत्त्वावर शिकवायला लागलो.

आमच्या प्रयोगशाळेची कथा काय सांगावी! महागडी एन्झाइम्स उणे वीस अंशांत ठेवायची असतात. इकडे लोडशेडिंग. गावाशेजारी महाऔष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या रात्रंदिवस धूर ओकताहेत, वीज मुंबईकडे चाललीय आणि आम्ही फ्रीझरला बर्फाच्या लाद्या लावून बसलोय. पीसीआर आम्ही फळ्यावरच जास्त केला. तरी पोरं हुशार होती. मी त्यांना एकच सांगायचो, "शिका आणि पुण्याला किंवा हैदराबादला निघा. इथं काही नाही."

इथं काही नाही?

एकदा सिकलसेल शिकवत होतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. एवढ्याशा बदलाने लाल पेशी विळ्यासारखी वाकते. १९४९ मध्ये पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी वीजप्रवाहात हे हिमोग्लोबिन निरोगी हिमोग्लोबिनपेक्षा वेगळं सरकतं हे दाखवलं आणि 'रेणूचा आजार' ही कल्पना जन्मली. तास संपल्यावर तिसऱ्या बाकावरची मुलगी जवळ आली. "सर, आमच्या भावाले हेच आहे जी. थंडी पडली का हाडं दुखतेत त्याचे. मलेही असन का?"

"सरकारी दवाखान्यात विचार," मी म्हणालो आणि डस्टर उचललं.

उत्तर चुकीचं नव्हतं. निदान करणं हे कॉलेजच्या प्रयोगशाळेचं काम नाहीच. पण मी तिच्यासोबत जाऊ शकलो असतो. वाहक म्हणजे रोगी नव्हे, दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता आजाराची, एवढं वर्गाला नीट समजावू शकलो असतो. आमच्याकडे इलेक्ट्रोफोरेसिसचं यंत्र होतं. पॉलिंगने याच तत्त्वावर हा आजार पकडला, हेही मी त्या यंत्राशी उभं राहून सांगितलं नाही.

नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं की मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी १९५८ मध्येच 'लॅन्सेट'मध्ये केली होती. १९८६ मध्ये गडचिरोलीत आलेल्या अभय आणि राणी बंग यांनी सुरुवातीलाच हा आजार इथल्या आदिवासींमध्ये शोधला होता. म्हणजे आम्ही जो धडा परदेशी पुस्तकातून शिकवत होतो, त्याचं एक पान आमच्याच मातीतलं होतं.

बांबूचंही तेच. बांबू फुलायला कित्येक वर्षं, काही जातींना अनेक दशकं लागतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत नाडगौडा, पाराशरामी आणि मस्कारेन्हास यांनी तो परीक्षानळीत अवघ्या काही महिन्यांत फुलवला. १९९० मध्ये 'नेचर'मध्ये ते छापून आलं. मी हे उत्साहाने शिकवायचो. समोर बसलेल्या कितीजणांचे वडील बांबूतोडीला जातात, हे कधी विचारलं नाही. पुढे २००९ मध्ये मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये बांबू विकायचा अधिकारही आला. त्याच २०११ मध्ये गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ झालं आणि नागपूरच्या खेपा संपल्या. २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. त्याच वर्षाच्या शेवटी ब्रिटन आणि अमेरिकेत या आजारावरच्या जनुक-संपादन उपचाराला मान्यता मिळाली.

तर भाचीला काय सांगितलं? पोलीस भरतीचा फॉर्म भर, त्यात कमीपणा नाही. घरात पगार येणं ही लहान गोष्ट नव्हे. पण सोबत जीएटी-बी ही देशपातळीवरची परीक्षाही दे, तिच्यातून प्रवेश मिळाला तर विद्यावेतन मिळतं. पुण्याला जायचं तर जरूर जा. फक्त जाताना "इथं काही नाही" असं मनात घेऊन जाऊ नकोस. ते वाक्य माझं होतं, आणि ते खोटं होतं.

"आणि मामाजी, परत येऊन नोकरी भेटन का?" तिने विचारलं. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. नुसतं शिक्षण देऊन भागत नाही, ते वापरायला जागाही लागते, आणि ती आपण अजून पुरेशी केलेली नाही.

त्या तिसऱ्या बाकावरच्या मुलीचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. कोणाच्या ओळखीत ती निघालीच, तर तिला सांगा, सरांनी डस्टर खाली ठेवलंय.

असो.