ब्रेकने सेवा तुटत नाही

एडवण, केळवे, सफाळे या पट्ट्यातून बोईसर-तारापूरच्या एमआयडीसीत जाणाऱ्या तात्पुरत्या कामगाराच्या तोंडी ‘ब्रेक’ म्हणजे चहाची सुट्टी नव्हे. काही महिने राबवून घ्यायचे, आठवडाभर घरी बसवायचे आणि पुन्हा बोलवायचे, याला ‘ब्रेक देणे’ म्हणतात. ब्रेक पडला की मागची सेवा पुसली जाते, मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते, म्हणून सलग सेवेसाठी लागणारे 240 दिवस कधी भरतच नाहीत, असे सुपरवायझर सांगतो आणि कामगारही ते खरे मानतो.

कायदा असे म्हणत नाही. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 25-ब नुसार आजारपण, मंजूर रजा किंवा कामगाराचा दोष नसताना बंद पडलेले काम यांमुळे सेवा खंडित होत नाही. त्यापुढे जाऊन याच कलमाने सांगितले, की सेवा सलग नसली तरी मागच्या बारा महिन्यांत 240 दिवस काम झाले असेल तर ती एक वर्षाची सलग सेवाच मानायची. म्हणजे खंड गृहीत धरूनच ही तरतूद झाली. या कायद्याची जागा घेणाऱ्या 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेनेही 240 दिवसांची कसोटी कायम ठेवली.

आता हिशेब पाहू. बारा आठवडे काम आणि एक आठवडा ब्रेक, असे चक्र वर्षात चार वेळा फिरले, तर 48 आठवडे काम होते. आठवड्याचे सहाच दिवस धरले तरी 288 दिवस भरतात. शिवाय पगारी सुट्ट्या आणि रविवारही मोजावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकन एक्स्प्रेस बँकेच्या कामगारांच्या खटल्यात 1985 साली सांगितले. मोजणी शेवटच्या ब्रेकपासून पुढे होत नाही; कामावरून काढल्याच्या तारखेपासून मागे होते.

यावर कोणी म्हणेल, 240 दिवस भरले म्हणून कामगार कायम होतो का? कलम 25-ब ने आपोआप होत नाही. त्याने मिळते ते नोटीस आणि भरपाईशिवाय न काढले जाण्याचे संरक्षण. पण कायमपणाचे हक्क मिळू नयेत या हेतूने कामगाराला वर्षानुवर्षे तात्पुरते ठेवणे, ही महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्यात अनुचित कामगार प्रथा ठरवली आहे. त्याच आधारावर एसटीच्या सफाई कामगारांना कायम करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2009 साली उचलून धरला.

कामगाराची बाजू लंगडी पडते ती पुराव्यापाशी. 240 दिवस भरल्याचे आधी कामगाराने दाखवायचे असते, हे सर्वोच्च न्यायालयाने हदीमनी खटल्यात 2002 साली स्पष्ट केले. म्हणून बोईसरच्या गेटातून आत जाणाऱ्या प्रत्येकाने गेटपास, पगारपावती, पीएफचे पासबुक आणि हजेरीच्या तारखा जपून ठेवाव्यात. ब्रेक मिळाला तरी आधीचे कागद फेकू नका. तुमचे आधीचे दिवस कायद्याने पुसलेले नाहीत.