भिंगातील विसंगती आणि कृष्णद्रव्याचे लहान पुंजके

विश्वातील बहुतेक द्रव्य प्रकाश देत नाही आणि अडवतही नाही. केवळ गुरुत्वाकर्षणातून जाणवणाऱ्या या द्रव्याला कृष्णद्रव्य असे नाव आहे. प्रचंड वस्तुमानाजवळून जाणारे किरण वाकतात, त्यामुळे वाटेतील एखादी दीर्घिका आपल्या मागील तेजस्वी वस्तूच्या अनेक प्रतिमा निर्माण करू शकते, आणि तेव्हा तिला गुरुत्वीय भिंग म्हटले जाते. फ्रिट्झ झ्विकी यांचे नाव या दोन्ही कल्पनांच्या आरंभी येते. कोमा समूहातील दीर्घिकांच्या वेगावरून तेथे न दिसणारे द्रव्य मोठ्या प्रमाणात असले पाहिजे, असे अनुमान त्यांनी 1933 मध्ये काढले. आणि एका ताऱ्याने दुसऱ्याच्या प्रतिमा पाडल्याचे प्रत्यक्ष पाहायला मिळण्याची आशा नाही, असे आइन्स्टाइन यांनी 1936 मध्ये लिहिल्यावर, तारे नव्हे तर संपूर्ण दीर्घिका हे काम करतील आणि त्यातून त्यांचे वस्तुमानही मोजता येईल, असे झ्विकी यांनी पुढच्याच वर्षी मांडले. त्या दूरदृष्टीला द्यावे तेवढे श्रेय थोडेच आहे.

प्रत्यक्ष भिंग मात्र 1979 मध्ये सापडले. डेनिस वॉल्श, रॉबर्ट कार्सवेल आणि रे वायमन यांना सप्तर्षी तारकासमूहात सुमारे 6 विकलांच्या अंतरावर दोन क्वेसार, म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकांची तेजस्वी केंद्रे, दिसली. दोन्हींचे वर्णपट इतके सारखे होते की एकाच क्वेसारच्या त्या दोन प्रतिमा असल्याचे मानणे भाग पडले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शशिकुमार चित्रे, डी. नरसिंह आणि के. सुब्रमण्यन यांनी या विषयाच्या सैद्धांतिक बाजूवर त्या आरंभीच्या काळातच काम केले. गणितानुसार प्रतिमांची संख्या विषम असायला हवी, मग एक प्रतिमा दिसत का नाही, हा त्यांच्या 1986 मधील निबंधाचा विषय होता. आणि पुढच्या वर्षी सुब्रमण्यन, मार्टिन रीस व चित्रे यांनी दीर्घिकांभोवतीच्या कृष्णद्रव्याच्या प्रभामंडलांमुळे होणाऱ्या भिंगपरिणामाचा विचार मांडला.

लहान पुंजक्यांचा शोध सुरू झाला तो प्रतिमांच्या तेजातील तफावतीपासून. प्रतिमा कोठे पडेल हे भिंगाच्या एकूण ओढीवर ठरते, तर ती किती तेजस्वी दिसेल हे त्या ओढीत जागोजागी किती फरक पडतो यावर ठरते. म्हणून एखादा छोटा पुंजका प्रतिमेला जागेवरून फारसा हलवू शकत नसला, तरी तिचे तेज पुष्कळ बदलू शकतो. 1992 मध्ये सापडलेल्या बी1422+231 या भिंगात चार प्रतिमा आहेत व त्यांतील तीन अगदी जवळजवळ आहेत. अशा रचनेत मधल्या प्रतिमेचे तेज दोन्ही बाजूंच्या प्रतिमांच्या बेरजेइतके असावे, अशी सिद्धांताची अपेक्षा असते, पण ती बरीच फिकी निघाली. शुडे माओ आणि पीटर श्नायडर यांनी 1998 मध्ये या विसंगतीचे कारण भिंगदीर्घिकेतील लहान रचनांमध्ये शोधले. त्याआधी अशी तफावत भिंगाच्या प्रतिकृतीतील उणीव म्हणून बाजूला ठेवणे सहज शक्य होते. तिलाच पुरावा मानणे हे या इतिहासातील सर्वांत धाडसी पाऊल होय.

त्याला लगेच महत्त्व आले, कारण 1999 मध्ये संगणकीय अनुरूपणांनी एक पेच उभा केला होता. कृष्णद्रव्याचे कण संथगतीचे, म्हणजे 'शीत' असतील, तर आकाशगंगेएवढ्या दीर्घिकेभोवती शेकडो उपपुंजके असायला हवेत, पण प्रत्यक्षात ज्ञात असलेल्या उपदीर्घिका जेमतेम डझनभर होत्या. पुंजके आहेत, मात्र त्यांत तारेच जन्मले नाहीत, असे असेल तर ते दाखवू शकणारे साधन जवळजवळ एकटे गुरुत्वीय भिंगच होते. नील दलाल आणि क्रिस्टोफर कोचानेक यांनी 2002 मध्ये चार प्रतिमांच्या सात भिंगांचा अभ्यास करून, प्रतिमांच्या परिसरातील वस्तुमानाचा साधारण 2 टक्के वाटा उपपुंजक्यांत असल्याचा अंदाज दिला. येथे रेडिओ निरीक्षणे विशेष उपयोगी पडली, कारण क्वेसारचा दृश्य प्रकाश इतक्या लहान भागातून येतो की भिंगदीर्घिकेतील सुटे तारेही त्याचे तेज बदलतात, तर रेडिओ लहरींचा उगम त्यामानाने विस्तृत असल्याने ताऱ्यांचा परिणाम त्यात विरून जातो. पुढे काही विसंगतींचे मूळ दीर्घिकेच्या दुर्लक्षित राहिलेल्या तारकीय चकतीत निघाले, त्यामुळे आधीचे आकडे अधिक सावधपणे वाचणे आवश्यक ठरले.

दुसरी पद्धत लिओन कूपमन्स आणि सिमोना वेगेट्टी यांनी विकसित केली. मागची दीर्घिका ताणली जाऊन जे कंकण किंवा कमान दिसते, तिच्यातील बारीक वाकडेपणावरून पुंजक्याची जागा व वस्तुमान काढायचे, हे तिचे तत्त्व आहे. बी1938+666 या भिंगात, हवाईमधील केक दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून, सूर्याच्या सुमारे 19 कोटी पट वस्तुमानाचा पुंजका असल्याचे 2012 मध्ये जाहीर झाले. त्याच भिंगाच्या अतिशय बारीक रेडिओ कमानीचे चित्र पुढे खंडोखंडीच्या रेडिओ दुर्बिणी एकत्र जोडून मिळवण्यात आले, आणि 2025 मध्ये त्या कमानीतील एका चिमट्यावरून सूर्याच्या सुमारे 10 लाख पट वस्तुमानाची, स्वतःचा प्रकाश न दिसणारी वस्तू ओळखली गेली. ती शुद्ध कृष्णद्रव्याची आहे की घट्ट बांधलेली मंद बटुदीर्घिका आहे, याचा निर्णय झालेला नाही. परंतु कृष्णद्रव्याचे कण अधिक वेगवान, म्हणजे 'उष्ण' असते, तर इतके लहान पुंजके बनण्यापूर्वीच पुसले गेले असते, म्हणून अशा वस्तूंची एकेक नोंद त्या कणांच्या स्वरूपाविषयीचे पर्याय कमी करत जाते.