प्रोग्रॅमिंगचा पहिला तास

भारतातल्या महाविद्यालयांत नवख्यांना प्रोग्रॅमिंग शिकवण्याचा इतिहास १९६३ पासून सांगावा लागतो. त्या ऑगस्टमध्ये आयआयटी कानपूरला आयबीएम १६२० हा संगणक पोहोचला. त्याच वर्षी मार्चमध्ये पंडित नेहरूंनी रायपूरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाचे उद्घाटन केले होते. पण तिथे सुरुवातीचे विषय होते खनिकर्म आणि धातुशास्त्र, जवळच्या भिलाईच्या पोलाद कारखान्याला आणि छत्तीसगडच्या खाणींना हवे असलेले.

कानपूरला व्ही. राजारामन फोरट्रान शिकवत, बाहेरच्या अध्यापकांसाठीही छोटे वर्ग चालत. प्रोग्रॅमची एकेक ओळ ८० रकान्यांच्या एकेका कार्डावर छिद्रे पाडून उतरवायची. एक स्वल्पविराम चुकला की गठ्ठा परत, आणि पुन्हा रांग. म्हणून यंत्राकडे जाण्याआधी सगळे कागदावर पडताळले जाई: प्रत्येक चलासाठी एक रकाना आखायचा, पायरीगणिक जुनी किंमत खोडून नवी लिहायची. त्यालाच आजही ‘ड्राय रन’ म्हणतात. यंत्राच्या टंचाईने विद्यार्थ्यांना विचाराची शिस्त लावली, हे मान्यच करायला हवे.

पुढे पीसी आले आणि ही शिस्त सैल झाली. पहिले तास हेडर फाइल आणि प्रिंटएफमध्ये जाऊ लागले. सिंटॅक्स पाठ व्हायचा, लॉजिक मात्र बसत नसे.

लॉजिकपासून सुरुवात करण्याची एक वाट मात्र आधीच निघाली होती: सेमूर पेपर्ट आणि सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये लोगो ही मुलांसाठीची प्रोग्रॅमिंग भाषा घडवली होती. पुढे तिच्यात आज्ञेनुसार चालणारे कासव आले. ‘संगणकीय विचार’ हा शब्दप्रयोग पेपर्ट यांच्या १९८० च्या पुस्तकात आढळतो. तो रूढ झाला जॅनेट विंग यांच्या २००६ च्या लेखामुळे. लोगोतले हे कासव पवईच्या आयआयटीत अभिराम रानडे यांनी थेट सी++ मध्ये आणले. त्यांचे पाठ्यपुस्तक २०१४ मध्ये निघाले, आणि त्याचा आरंभच कासवापासून आहे.

कासवाला ‘फॉरवर्ड १००, लेफ्ट ९०’ ही आज्ञांची जोडी चारदा दिली की चौरस. मग येते पुनरावृत्तीची आज्ञा, ‘रिपीट’. आता षटकोन काढायचा म्हटले की नवखा हमखास आतला कोन धरून १२० लिहितो, आणि पडद्यावर उमटतो त्रिकोण! वळायचे असते बाहेरच्या कोनातून. पूर्ण फेरी ३६० अंशांची, बाजू सहा, म्हणून ६०. हे उमगले की सात बाजू असोत वा सत्तर, कृती एकच. चल, डेटा टाइप यांचे नावही अजून निघालेले नसते, तरी विद्यार्थ्याने एका उदाहरणावरून सर्वसाधारण नियम काढलेला असतो. इतका नेमका धडा दुसरा क्वचितच सापडेल.

पवईहूनच दीपक फाटक यांनी ‘दहा हजार शिक्षकांशी संवाद’ या उपक्रमातून देशभरच्या अभियांत्रिकी अध्यापकांना दूरस्थ कार्यशाळांत जोडून घेतले. खनिकर्मापासून सुरुवात केलेले रायपूरही बदलले: तिथले ते जुने महाविद्यालय २००५ मध्ये एनआयटी झाले. २०१५ मध्ये राज्य शासन आणि एनटीपीसी यांनी नवा रायपूरला आयआयआयटी उभी केली. तिथे संगणकशास्त्र ही मुख्य शाखा आहे.