भिंतीतल्या वायरींचं दुसरं आयुष्य

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या जुन्या इमारतींच्या बाहेरच्या भिंती एकदा सावकाश पाहाव्यात. लँडलाइनची वायर, केबल टीव्हीची जाड काळी वायर, इंटरनेटची बारीक वायर, सगळ्या एकावर एक. नवी आली म्हणून जुनी काढायची पद्धत आपल्याकडे नाही. घरातही तेच: हॉलपासून बेडरूमपर्यंत वायर असते, तिच्यातून काहीच जात नसतं.

या वायरींमधून एका खोलीतलं गाणं दुसऱ्या खोलीत नेता येतं, तेही स्टिरिओ. कल्पना जुनी आहे. 1881 मध्ये पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमां आदेर यांनी ऑपेराच्या रंगमंचावर डावी-उजवीकडे मायक्रोफोन लावले आणि टेलिफोनच्या तारांवरून गाणं दोन किलोमीटरहून दूर ऐकवलं. श्रोत्याच्या प्रत्येक कानाला वेगळा रिसीव्हर. मुंबईत टेलिफोन एक्सचेंज सुरू झालं त्याच्या पुढच्याच वर्षी, 1882 मध्ये.

ती तार आपल्या घरी यायला मात्र फार उशीर झाला. फोनसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबलेली कुटुंबं इथे घरोघर सापडतील. त्यात हद्दीची गंमत: ठाणं मुंबईच्या 022 मध्ये, तेव्हा एमटीएनएलकडे; लोकलने कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर ओलांडून डोंबिवलीत उतरलं की कोड 0251 आणि कारभार बीएसएनएलचा. 2005 मध्ये दोन्ही कंपन्यांनी त्याच तांब्याच्या जोडीवरून ब्रॉडबँड दिलं. बोलण्यासाठी टाकलेल्या तारेने तेव्हाच दुसरं काम पत्करलं होतं.

केबलवाल्याची कथा जास्त रंगतदार. ऐंशीच्या दशकात मुंबईच्या इमारतींमध्ये एकाच व्हीसीआरवरचा सिनेमा वायरीने घरोघर पोचू लागला. 1991 च्या आखाती युद्धाने आणि 1992 च्या झी टीव्हीने धंद्याला खरा जोर दिला. गच्चीवर डिश आणि एका गच्चीवरून दुसरीवर लोंबणारी वायर. सरकारचा कायदा आला 1995 मध्ये, वायर आधीच येऊन बसलेली! पुढे डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यात, 2013 मध्ये, ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला. मग फायबर आलं, टीव्ही वाय-फायवर गेला आणि कितीतरी घरांत ती वायर बेकार झाली.

हीच वायर स्टिरिओसाठी सगळ्यात सोयीची. टीव्हीच्या कोअॅक्सिअल वायरीचा इम्पिडन्स 75 ओहम असतो. सोनी आणि फिलिप्सने ठरवलेल्या एसपीडीआयएफ या डिजिटल ऑडिओ पद्धतीलाही नेमकी 75 ओहमचीच वायर लागते, आणि त्यात डावा-उजवा दोन्ही आवाज एकाच वायरीतून जातात. दोन टोकांना आरसीए पिन, पलीकडे डिजिटलचं पुन्हा अॅनालॉग करणारी छोटी डबी, की झालं. टेलिफोनच्या वायरीतही दोन जोड्या असतील तर डाव्यासाठी एक, उजव्यासाठी एक वापरता येते. पण लांब अंतरावर गुणगुण टाळायला दोन्हीकडे ट्रान्सफॉर्मर लावावे लागतात. ब्लूटूथच्या काळात हा खटाटोप कशाला, असं कुणी म्हणेल. आरसीसीच्या दोन भिंती मध्ये आल्या की ब्लूटूथ अडखळतो, वायर अडखळत नाही.

करून पाहणाऱ्यांनी दोन गोष्टी सांभाळाव्यात. केबलची वायर आधी स्प्लिटरमधून आणि बाहेरच्या जोडणीतून पूर्ण सोडवावी, कारण स्प्लिटरमधून हा सिग्नल धड जात नाही. टेलिफोनची जोडीही एक्सचेंजच्या लाइनपासून तोडून घ्यावी. चालू लाइनवर 48 व्होल्ट असतात आणि रिंग वाजताना त्याहून जास्त.